सूर उतरवला तेव्हा

लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक भजनी बुवा राहतात. मूळचे कणकवलीकडचे. मिलच्या साळखात्यात त्यांची उभी हयात जायची होती, पण १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि बुवांचा माग थांबला तो कायमचा. नंतर त्यांनी वॉचमनकी केली, लग्नाच्या हॉलवर हिशेब लिहिले, पडेल ते काम केलं. भजन मात्र सोडलं नाही. परळच्या दामोदर हॉलमध्ये डबलबारी असली की समोरच्या बुवाला त्यांचा धाक असायचा. आवाज मोठा, दम त्याहून मोठा. आलाप घेतला की पखवाजावरचा हात थांबायचा, झांजा थांबायच्या, आणि सम कधी येते याची वाट बघत सगळा हॉल ताटकळायचा. तो आलाप त्यांनी उभ्या आयुष्यात कधी अर्धा सोडला नव्हता.

त्यांच्या मांडीवर वाढलेला नातू त्यांचाच पखवाजी झाला. चाळीत त्याला नावानं कोणी हाक मारत नसे, लहानथोर सगळे ‘पखवाजी’च म्हणत. वय २२. दिवसा लोअर परळच्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात नोकरी. ज्या गिरणगावात आजोबांनी कापड विणलं, तिथेच नातू तयार कपड्यांच्या घड्या घालून ठेवी. संध्याकाळी घरी आला की पखवाजाच्या धुमेला कणीक लावायची आणि आजोबांसमोर बसायचं, हा नेम.

गोपाळकाल्याच्या दिवशी तो पथकाबरोबर निघाला. दादरच्या हंड्या करून ट्रक परळकडे आला. सात थरांचा मनोरा होता, हा चौथ्या थरावर. खालचा एक गुडघा लटपटला आणि मनोरा बसला. बहुतेकजण एकमेकांच्या अंगावर पडले आणि हसत उठले. हा गर्दीच्या बाहेर रस्त्यावर पडला. डोक्याची डावी बाजू, कानाच्या वर. वरच्या थरावर चढणाऱ्या लहान पोराला हेल्मेट होतं. मधल्या थरांतल्या कोणालाच नव्हतं. २०२२ साली सरकारनं दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, जखमी गोविंदांना आर्थिक मदतही जाहीर केली. चांगलं झालं. पण मधल्या थरातल्या पोरांची डोकी उघडी राहतात, तोवर हा दर्जा मला अपुरा वाटतो.

त्याला केईएममध्ये नेलं. १९२६ साली उघडलेल्या या इस्पितळाला गोविंदांसाठी दरवर्षी त्या दिवशी खाटा राखून ठेवाव्या लागतात. त्याच रात्री ऑपरेशन झालं, मेंदूवर साकळलेलं रक्त काढलं. जीव वाचला. शुद्धीवर आला तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडलेला होता, आणि वाचा गेली होती.

गेली म्हणजे अगदी मुका झाला असं नाही. तोंडातून एकच अक्षर निघे, ‘ता’. पाणी हवं असलं तरी ता, दुखलं तरी ता, आई दिसली की ताता. आई म्हणाली, पखवाजाचे बोल म्हणतोय. तिनं पलंगाशेजारी पखवाज आणून ठेवायची तयारी केली. पण पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. बोलायचं एक होतं आणि बाहेर पडत होतं भलतंच, हे त्याचं त्याला कळत होतं. समोरच्याचं सगळं समजत होतं. वडिलांनी ‘बेस्टमधून रजा काढून आलोय, काळजी करू नको’ म्हटलं की मान हलवायचा. डॉक्टरांनी सांगितलं, याला वाचाघात म्हणतात. बुद्धी शाबूत असते, शब्दही आत असतात, पण शब्द जुळवून तोंडावाटे काढायची जी यंत्रणा बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला, पुढच्या भागात असते, तिलाच मार लागलेला आहे.

बुवांना यातलं काही पटलं नाही. त्यांच्या मनात एकच धास्ती बसली. सवाई गंधर्वांच्या अंगावरून वारं गेलं आणि त्यांचं जाहीर गाणं थांबलं, हे त्यांनी तरुणपणी कुठल्याशा बुवाकडून ऐकलं होतं. एवढ्या मोठ्या गवयाचं असं झालं, तिथे आपल्या पोराची काय कथा.

वॉर्डात संध्याकाळी भेटायची वेळ असे. घरी सातला हरिपाठ म्हणायची बुवांची सवय. ती वेळ झाली की ते पलंगाजवळच्या स्टुलावर बसून तोंडातल्या तोंडात पुटपुटत. एके दिवशी पुटपुटता पुटपुटता चाल लागली. शेजारच्या खाटेवरच्या माणसानं मान वळवून पाहिलं, म्हणून बुवांनीही पाहिलं. नातवाचे ओठ हलत होते. बुवांनी आवाज थोडा वाढवला. नातवाचा घोगरा आवाज त्यात मिसळला आणि अभंगाचं अख्खं चरण, एकही शब्द न गळता, जोडाक्षरांसकट, त्याच्या तोंडून बाहेर पडलं. मग दुसरं. मग तिसरं. सिस्टर धावत आल्या. कोणीतरी मोबाइल काढला. आईनं पदर तोंडाला लावला.

चरण संपलं. बुवांनी घाईघाईनं विचारलं, “झिला, पाणी होया?”

“ता,” पोरगा म्हणाला. “ताता.”

दुसऱ्या दिवशी वाचाउपचाराच्या मॅडम आल्या. पन्नाशीच्या, गिरगावातल्या. लहानपणी ऑपेरा हाउसजवळच्या देवधरांच्या संगीत विद्यालयात जात होत्या, जिथे कुमार गंधर्व लहानाचे मोठे झाले. पुढे गाणं मागे पडलं, वाचाउपचाराचं शिक्षण घेतलं आणि त्याच कामात केस पांढरे झाले. बुवांनी त्यांना कालची हकीकत सांगितली, डोळे पुसत सांगितली. चमत्कार झाला म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, “बुवा, चमत्कार नाही, पण फार मोलाची गोष्ट आहे. आणि जुनी आहे. १७४५ साली स्वीडनमध्ये एका विद्वानानं असाच एक माणूस पाहून लिहून ठेवलाय. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. पण चर्चमधली पूर्वी पाठ असलेली भजनं तो नीट म्हणायचा. सुरुवातीला मात्र कोणालातरी त्याच्याबरोबर गावं लागायचं. काल तुम्ही जे केलंत तेच.”

त्या ‘ता’बद्दलही त्यांनी सांगितलं. पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी १८६१ साली ज्या रोग्याच्या मेंदूवरून बोलण्याची जागा ओळखली, त्याच्या तोंडूनही एकच अक्षर निघे, ‘तां’. इस्पितळात त्याचं नावच तां पडलं होतं. गाण्याचं काम मेंदूच्या दोन्ही बाजू वाटून घेतात. सुरात उजव्या बाजूचा वाटा मोठा. शिवाय लहानपणापासून घोटून घोटून पाठ झालेले शब्द नव्यानं जुळवावे लागत नाहीत, एकाला धरून दुसरा आपोआप येतो. म्हणून अभंग येतो. ‘पाणी दे’ येत नाही, कारण ते दर वेळी नव्यानं जुळवावं लागतं.

बुवांनी यातलं निम्मंच ऐकलं. पोरगा गातो, एवढं त्यांना पुरेसं होतं.

पोराला घरी आणलं. इथून पुढची हकीकत मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण इस्पितळातून माणूस घरी आला की आपल्याकडे आजार संपला असं धरलं जातं. उजव्या हातासाठी व्यवसायोपचार सुरू झाला. केईएममध्ये या शिक्षणाची शाळा कमला निंबकर यांनी १९५० साली सुरू केली. जन्मानं अमेरिकन, लग्नानं मराठी झालेल्या या बाईंची ती शाळा आशियातली पहिली. तिथल्या ताईंनी पोराला वाटीतले राजमे उचलायला लावले, कपड्यांच्या घड्या घालायला लावल्या. पायासाठी ठरावीक ठोक्यावर चालण्याचा सराव होता. ठोका कानावर पडत राहिला की लुळा पाय त्या अंदाजानं वेळेवर उचलला जातो. चाळीच्या लांब गॅलरीत वडील टाळ घेऊन पुढे चालत आणि पोरगा मागून. दर टाळाला एक पाऊल. बिऱ्हाडाबिऱ्हाडातून चपला आत ओढल्या जात, बादल्या बाजूला होत. हे काम लवकर साधलं. तो काठी घेऊन जिना उतरायला लागला.

आईला मॅडमनी सांगितलं होतं की त्याच्या आवडीचं संगीत रोज थोडा वेळ लावत जा. फिनलंडमध्ये हेलसिंकीला २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. पक्षाघाताच्या ६० रोग्यांचे गट करून दोन महिने पाहिलं, तर रोज आपल्या आवडीचं संगीत ऐकणाऱ्यांची शब्दांची आठवण आणि लक्ष इतरांपेक्षा अधिक सुधारलं, मनाची मरगळही कमी होती. आईनं मोबाइलवर भजनं लावली. पोरानं मान हलवली आणि डाव्या हाताच्या बोटानं नको म्हणून खूण केली. त्याला बँजोवरची गाणी हवी होती, विसर्जनाच्या मिरवणुकीतली. बुवांना हे आवडलं नाही. मॅडम म्हणाल्या, आवडीचं म्हणजे त्याच्या आवडीचं.

बोलण्याचं मात्र घोडं अडलेलंच होतं. मॅडमची ओपीडी आठवड्यातून दोनदा. त्या सांगत तो सराव घरी करायचा, तर बुवा पेटी काढून अभंग सुरू करत. पोरगा गाई. चाळ गोळा होई. मग सराव राहून जाई.

हळूहळू चाळीत कुजबुज सुरू झाली. खालच्या मजल्यावरचे एक मालवणी काका नळावर म्हणाले, “गाता बरो, मगे बोलणा नाय कित्याक? कामावर जावचा नाय म्हणान सोंग.” बायकांमध्येही हेच. अभंगातले अवघड अवघड शब्द म्हणतो आणि आईला हाक मारता येत नाही, हे कोणाच्या गळी उतरेना. आईच्या कानावर हे आलं तेव्हा तिनं दोन दिवस गॅलरीत पाऊल टाकलं नाही. वाचाघाताच्या माणसाला याहून मोठी जखम नसते, असं मला वाटतं. हात मोडला तर प्लास्टर दिसतं. हे काही दिसत नाही, आणि वर गाणं ऐकू येतं.

माघी गणेशजयंती आली. मंडळाचे सेक्रेटरी बुवांकडे आले. म्हणाले, पोराला स्टेजवर आणा, सगळ्या लालबागला बघू दे. बुवांना तेच हवं होतं. चाळीची तोंडं बंद होतील, असंही त्यांच्या मनात होतं.

पोराला नवा सदरा घातला. बुवांनी पेटी घेतली, पखवाजावर दुसरा मुलगा बसवला. रूपाचा अभंग सुरू झाला. पोराचा आवाज पहिल्यापेक्षा मोकळा झाला होता, त्यानं सगळे शब्द स्वच्छ म्हटले. एका जागी बुवांनी आलाप लांबवला आणि पोरगा त्यांच्याबरोबर टिकला. मंडपात रडारड झाली. टाळ्या थांबेनात. शाल आली, नारळ आला, पाकीट आलं. पाहुणे म्हणून आलेले एक गृहस्थ भारावून पुढे झाले, त्यांनी माइक पोराच्या तोंडाजवळ धरला आणि प्रेमानं विचारलं, “बाळा, नाव काय तुझं? सांग सगळ्यांना.”

पोरानं तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताणल्या. “ता,” तो म्हणाला. माइकमधून ते अक्षर मंडपभर गेलं. पुन्हा म्हणाला, “ता.” मागे कोणीतरी पोर हसलं. गृहस्थ गोंधळले, त्यांनी माइक बाजूला घेतला. सेक्रेटरींनी घाईनं गजर सुरू करायला सांगितलं. पोरानं शाल काढून पेटीवर ठेवली, काठी घेतली आणि तो खाली उतरला. गजर चालू होता. बुवा गात नव्हते.

दुसऱ्या दिवशी ओपीडीच्या रांगेत पहिले बुवा होते. पोराला आणलं नव्हतं. मॅडमसमोर बसले आणि म्हणाले, “मी काय करू ते सांगा.”

मॅडमनी सांगितलं. “बुवा, अभंग त्याचा आहे, तो राहू दे. पण अभंगानं पाणी मागता येत नाही. आपण त्याला ज्याची गरज आहे ती वाक्यं सुरात घालू. अगदी साधा सूर, दोनच स्वर, एक वरचा आणि एक खालचा, आपण बोलताना आवाज चढतो-उतरतो तेवढाच. प्रत्येक अक्षराला त्याच्या डाव्या हातावर एक थाप. बॉस्टनच्या डॉक्टरांनी १९७३ साली ही रीत मांडली, त्यानंतर जगभर वापरली गेली. अमेरिकेत गॅब्रिएल गिफर्ड्स म्हणून खासदार होत्या, २०११ मध्ये डोक्याच्या डाव्या बाजूला गोळी लागून त्यांची वाचा गेली, त्यांच्याही उपचारात संगीत होतं. आधी तुम्ही दोघं मिळून वाक्य गायचं. मग तुम्ही अर्ध्यात थांबायचं. मग तुम्ही नुसती सुरुवात करून द्यायची. मग तेवढीही नाही. आणि शेवटी सूर काढून घ्यायचा.”

“काढून घ्यायचा?”

“हो. थोडा थोडा.”

बुवा बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांच्या तोंडून घरची बोली आली. “मॅडम, सूर काढून घेतल्यार पोराकडे रवता काय?”

मॅडमनी खिडकीकडे हात केला. समोर परळच्या जुन्या मिलच्या जागेवर टॉवर उठत होता. “ती परांची बघा. तिच्याशिवाय भिंत चढत नाही. पण इमारत झाल्यावर परांची कोणी तशीच ठेवतं का?”

सराव सुरू झाला. मॅडमनी कागदावर ‘मला पाणी हवं आहे’ लिहून दिलं होतं. आईनं ते वाचलं आणि म्हणाली, आमच्या घरात असं कोण बोलतं? कागदावर ‘माका पाणी होया’ असं झालं. बुवा नातवासमोर बसले. त्याचा डावा हात आपल्या हातात घेऊन मांडीवर ठेवला. हा त्याचा धुमेचा हात, पखवाजाचा खर्जाचा. मार लागला नव्हता तो हा. त्यावर एक-एक थाप देत बुवांनी आधी नुसतं गुणगुणलं, शब्दांशिवाय. पोरानं गुणगुणलं. मग शब्द घातले. मा, का. पा, णी. हो, या. वरचा, खालचा, वरचा, खालचा.

पहिल्याच दिवशी बुवांची सवय आड आली. ‘होया’वर आले आणि त्यांच्या गळ्यानं आपसूक मुरकी घेतली. पोरानं ती जशीच्या तशी उचलली. दोघं एकमेकांकडे बघून हसले, आणि पुढच्या चार वेळा ‘होया’ मुरकीसकट गायलं गेलं. ओपीडीत ऐकल्यावर मॅडम म्हणाल्या, “बुवा, मुरकी नको. मुरकी घेतली की त्याचं गाणं होतं. गाणं त्याला येतंच.”

ज्या माणसानं साठ वर्षं गळा फिरता ठेवण्यासाठी पहाटे उठून मेहनत केली, त्याला सपाट दोन स्वरांत ‘पाणी होया’ म्हणायला लावणं सोपं नाही. बुवा रात्री जेवणानंतर गॅलरीच्या टोकाला जाऊन एकटे ते म्हणून बघत. खालच्या मजल्यावरच्या काकांनी ते ऐकलं. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचंही डोकं फिरलं.

त्याहून अवघड थांबणं होतं. दोघं मिळून म्हणायचे तिथवर पोरगा छान म्हणे. आता ‘माका पा’ एवढ्यावर थांबायचं आणि पुढचं पोरावर सोडायचं. बुवा थांबत. पोराचे ओठ हलत, मानेची शीर फुगे, आवाज येत नसे. दोन क्षण, चार क्षण. बुवांच्या घशात पुढचं अक्षर तयार असे, ते बाहेर पडूच बघे. आई दारात उभी राहून बघत असे. एकदा तिनंच ‘णी’ म्हणून टाकलं आणि पोरानं चिडून हात झटकला. मॅडमनी आईलाही बजावलं होतं: त्याचं वाक्य पुरं करू नका, तो शोधतोय, शोधू द्या. बुवांनी डोळे मिटून घेतले आणि हातावर फक्त थाप चालू ठेवली. बऱ्याच वेळानं थापेवर ‘णी’ आलं. मग ‘हो’. मग ‘या’. आईनं पाणी आणलं. त्यानं ते घटाघटा प्यायलं.

अशी वाक्यं एकेक करत जमत गेली. आवस खय गेली. माका भूक लागली. उद्या ओपीडी आसा. स्वतःचं नाव. नावाला सगळ्यात जास्त दिवस लागले. सूर उतरत गेला, दोन स्वरांतलं अंतर कमी कमी होत गेलं, शेवटी बोलण्याच्या हेलाएवढंच उरलं.

या रीतीत नेमकं काय कामाला येतं यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. कोणी म्हणतं सूर मेंदूची उजवी बाजू कामाला लावतो. लाइपझिगच्या अभ्यासकांनी २०११ मध्ये दाखवलं की सुरापेक्षा लय आणि ओळखीचे, घोटलेले शब्द जास्त उपयोगी पडत असावेत. मॅडमनी हे बुवांना सांगितलं. बुवांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “म्हणजे माझ्यापेक्षा पखवाजाचा हात जास्त कामाचा म्हणा की.” एवढ्या सहज त्यांनी ते मान्य केलं की मॅडमनाच नवल वाटलं. पाच महिन्यांपूर्वी हाच माणूस नातवाच्या तोंडी फक्त आपला अभंग ऐकायला बसत होता.

आषाढी आली. वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराकडे निघालेल्या दिंड्यांचा आवाज चाळीपर्यंत येत होता. बुवांच्या घरी सकाळीच भजन बसलं होतं, घरातलंच. पोरगा उजव्या हातात झांज धरून बसला होता. तो हात पखवाजासाठी अजून तयार नव्हता, पण झांजेपुरता आला होता. बुवा रंगात आले आणि त्यांनी चाल वाढवली. पखवाजावरचं नवं पोर गडबडलं, ठेका घसरला. झांज थांबली. नातवानं बुवांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“आजो,” तो म्हणाला. मध्ये थोडा थांबला. “लय... चुकली.”

हे वाक्य कागदावर नव्हतं. कोणी घोटून घेतलं नव्हतं, कोणी सुरुवात करून दिली नव्हती. त्यात वरचा-खालचा स्वर नव्हता. लालबागमधला कोणीही पखवाजी आपल्या बुवाला ज्या सुरात सांगेल, त्याच सुरात ते सांगितलेलं होतं. बुवांनी पेटीचा भाता थांबवला, ‘बरोबर’ म्हणाले आणि विलंबित लयीत पुन्हा सुरुवात केली.

पुढच्या माघी गणेशजयंतीला सेक्रेटरी पुन्हा आले. गेल्या वर्षी झालं ते विसरून जा, म्हणाले, या वेळी माइकवर कोणी काही विचारणार नाही, फक्त गाऊ दे. बुवा म्हणाले, विचारू दे की. त्यांनी पोराकडे पाहिलं. पोरानं मान हलवली. मग स्टेजवर तो गायला नाहीच. झांज वाजवली, आणि शेवटी माइक हातात घेऊन स्वतःचं नाव, चाळीचं नाव आणि ‘गणपती बाप्पा मोरया’ एवढं म्हणाला. त्याला अंदाजे एक मिनिट लागलं. टाळ्या गेल्या वर्षीपेक्षा कमी पडल्या. खालच्या मजल्यावरचे काका मात्र उठून उभे राहिले होते.

आता तो मॉलमध्ये पुन्हा कामाला जातो. काउंटरवर नाही, मागच्या गोदामात. काउंटरवरच्या गिऱ्हाइकाला घाई असते. फोनवर बोलणं अजून जड जातं, दमला की शब्द अडतात, अनोळखी माणसासमोर जास्तच. डॉक्टर सांगतात, सुधारणा अजून होत राहील, पण पूर्वीसारखं सगळं होईल असं कोणी म्हणत नाही. पखवाजावर उजवा हात ‘गदिगन’ वाजवताना मागे पडतो. रोज संध्याकाळी तो धुमेला कणीक लावतो आणि बसतो. बुवा आता कमी गातात. मॅडमच्या सांगण्यावरून ओपीडीत येणाऱ्या दुसऱ्या दोन घरांना ते जाऊन दाखवतात, हातावर थाप कशी द्यायची आणि कुठे थांबायचं ते.

पालिकेच्या मोठ्या इस्पितळांत वाचाउपचार मिळतो. बरीच घरं तो अर्ध्यातच सोडतात, कारण सराव कंटाळवाणा असतो आणि निकाल लवकर दिसत नाही. तुमच्या चाळीत, सोसायटीत, नात्यात अशी वाचा गेलेली कोणी व्यक्ती असेल, तर तिच्या शेजारी बसून तिच्या आवडीचं गाणं जरूर गा. गाता येतं म्हणून तिच्या मुकेपणाला सोंग म्हणू नका. आणि गाणं संपल्यावर टाळ्या वाजवून उठू नका. पाणी हवं का म्हणून विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.